विश्लेषण : चाके बाहेर काढण्यासाठी स्पेसर टाकताय? आधी ऑफसेटचे गणित समजून घ्या!

गाडीला नवी अलॉय चाके बसली की मालकाचे लक्ष पहिल्यांदा जाते ते मडगार्डकडे. चाक आत दबलेले दिसते, मडगार्डच्या कडेशी जुळत नाही. मग दुकानातून हमखास सूचना येते, ‘स्पेसर टाकून देऊ, गाडी भरलेली दिसेल.’ अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतची अ‍ॅक्सेसरीची दुकाने असोत किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड, हे काम कुठेही तासाभरात होते. पण त्या तासाभरात चाकाचा भार कुठे पडतो, नटाला किती आटे मिळतात आणि कायद्याच्या नजरेत गाडी कशी ठरते, हे सगळे बदललेले असते. स्पेसर सुरक्षित असतो का, कोणता, किती जाडीचा आणि मुळात तो लागतो का, याचा हा आढावा.

ऑफसेट म्हणजे नेमके काय?

चाक समोरून न पाहता आडवे कापून पाहिले, असे समजा. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक रेषा काढा. चाक गाडीच्या हबला ज्या सपाट पृष्ठभागावर टेकते, तो या मध्यरेषेपासून जितक्या मिलिमीटरवर असतो, तो ऑफसेट. टेकण्याचा भाग मध्यरेषेच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे चाकाच्या दर्शनी भागाकडे असेल तर ऑफसेट धन. तो बरोबर मध्यावर असेल तर शून्य आणि आत ब्रेकच्या बाजूला असेल तर ऋण. आजच्या बहुतेक लहान-मध्यम मोटारींचा ऑफसेट धन असतो.

रिमवर हा आकडा ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेला असतो. ‘आइनप्रेसटीफे’ या जर्मन शब्दाचे ते लघुरूप. लक्षात ठेवायचे ते एवढेच की ईटीचा आकडा जितका मोठा, तितके चाक आत आणि जितका लहान, तितके चाक बाहेर.

स्पेसरने यात काय फरक पडतो?

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. तिची जाडी ऑफसेटमधून सरळ वजा होते. ईटी ४५ च्या चाकामागे १५ मिमीचा स्पेसर टाकला की परिणाम ईटी ३० चे चाक बसवल्यासारखा. दोन्ही बाजूंना मिळून त्या एक्सलवरच्या चाकांमधले अंतर ३० मिमीने वाढते.

स्पेसर चाकाला फक्त बाहेर ढकलतो. रिमची रुंदी, टायरचा व्यास किंवा भार पेलण्याची क्षमता यांत काहीच बदल करत नाही. त्यामुळे चुकीचे चाक स्पेसर टाकून ‘बरोबर’ होते, हा समज अपुरा आहे.

नवे चाक निवडताना गणित कसे मांडायचे?

रिमची रुंदी इंचात असते, ती आधी मिलिमीटरमध्ये आणायची (१ इंच = २५.४ मिमी). मग दोन बेरजा-वजाबाक्या.

बाहेरची बाजू = रुंदीचा निम्मा भाग वजा ऑफसेट.
आतली बाजू = रुंदीचा निम्मा भाग अधिक ऑफसेट.

उदाहरणार्थ, कंपनीचे चाक ६ इंच रुंद आणि ईटी ४५ चे आहे. नवे चाक ७ इंच रुंद आणि ईटी ३८ चे. जुन्या चाकाची बाहेरची बाजू ३१.२ मिमी, नव्याची ५०.९ मिमी. म्हणजे नवे चाक १९.७ मिमी बाहेर येईल. आतली बाजू जुन्याची १२१.२ मिमी, नव्याची १२६.९ मिमी. म्हणजे ते ५.७ मिमी आतही सरकेल. या चाकाला स्पेसर न टाकताच जवळपास २ सेंटिमीटरचा फरक पडला आहे. त्यात आणखी १० मिमीचा स्पेसर टाकला तर फरक ३ सेंटिमीटरच्या घरात जातो.

टायर निवडताना एकूण व्यासही जुळला पाहिजे. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६२१.५ मिमी भरतो. त्याऐवजी १९५/५५ आर १६ घेतला तर तो ६२०.९ मिमी, म्हणजे जवळपास तेवढाच. २०५/५५ आर १६ घेतला तर तो सुमारे ६३२ मिमी होतो. मग स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी वेग दाखवू लागतो आणि टायर घासण्याची शक्यता वाढते. टायरवरचा भार निर्देशांक कंपनीच्या टायरपेक्षा कमी असता कामा नये.

चाक बाहेर आल्याने बिघडते काय?

पहिला ताण येतो बेअरिंगवर. चाकावरचा भार बेअरिंगच्या कोणत्या भागातून जायचा, हे कंपनीने ऑफसेट ठरवतानाच ठरवलेले असते. समजा, एका पुढच्या चाकावर ३०० किलो भार आहे आणि चाक २० मिमी बाहेर आले. तर गाडी नुसती उभी असतानाही बेअरिंगवर सुमारे ५९ न्यूटन-मीटरचा जास्तीचा पीळ पडतो. खड्ड्यात आदळताना हाच भार काही पटींनी वाढतो. ३-५ मिमीच्या फरकाने बेअरिंग लगेच जात नाही. वळणावरचे मोठे भार सोसायची तयारी त्यात असतेच. पण २०-२५ मिमीचा फरक, रोजचे खड्डे आणि रुंद टायर एकत्र आले की बेअरिंग घरघरू लागण्याची वेळ अलीकडे येते.

दुसरा परिणाम स्टीअरिंगवर होतो. स्टीअरिंग फिरवताना पुढचे चाक एका तिरक्या अक्षाभोवती वळते. हा अक्ष जमिनीला जिथे टेकतो तो बिंदू आणि टायर जिथे टेकतो त्याचा मध्य, यांतले अंतर कंपनीने मोजूनमापून ठेवलेले असते. त्याला ‘स्क्रब रेडिअस’ म्हणतात. स्पेसर जितक्या मिलिमीटरचा, तितक्याने टायरचा मध्य बाहेर सरकतो आणि हे अंतर बदलते. मग खड्डा लागला की स्टीअरिंगला हिसका बसतो. एक चाक कोरड्या काँक्रीटवर आणि दुसरे ओल्या पेव्हर ब्लॉकवर असताना ब्रेक दाबला, तर गाडी एका बाजूला ओढली जाते. पावसाळ्यात उपनगरातल्या रस्त्यांवर अशी वेळ वारंवार येते.

तिसरा मुद्दा रस्त्यावरच्या इतरांचा. मडगार्डबाहेर आलेला टायर चिखल, पाणी आणि खडी थेट बाजूला उडवतो. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मोटारीच्या शेजारून दुचाकी हातभर अंतरावरून जात असते. टायर मडगार्डखाली झाकलेला असणे तिच्यासाठी महत्त्वाचे आहे.

चाक निखळण्याचा धोका कशामुळे येतो?

चाक स्टडवर ‘टांगलेले’ असते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात नट घट्ट झाल्यावर चाक हबवर दाबून धरले जाते आणि त्या दाबामुळे होणारे घर्षण चाकाला जागेवर ठेवते. हा दाब कमी झाला की चाक सूक्ष्म प्रमाणात सरकू लागते, नट सैल होतात आणि स्टड वाकून-वाकून तुटतात. म्हणून स्पेसरबाबत खरा प्रश्न जाडीचा कमी आणि पकडीचा जास्त असतो.

साधा, मध्ये सरकवायचा स्पेसर टाकला की त्याच्या जाडीइतके आटे कमी होतात. ढोबळ नियम असा की स्टडचा व्यास जितका, निदान तितकी लांबी नटात गेली पाहिजे. १२ मिमीच्या स्टडला किमान १२ मिमी. आट्यांमधले अंतर १.५ मिमी असेल तर ८ पूर्ण फेरे, १.२५ मिमी असेल तर जवळपास १० फेरे. मुळात नट १४ मिमी जात असेल आणि ५ मिमीचा स्पेसर टाकला, तर उरतात ९ मिमी. ही पकड अपुरी आहे. अशा वेळी लांब स्टड बसवल्याशिवाय स्पेसर टाकू नये.

स्पेसरच्या दोन्ही बाजू स्वच्छ आणि सपाट असणेही तितकेच गरजेचे. हबवर गंज, रंगाचे पापुद्रे किंवा माती राहिली तर नट घट्ट वाटतो. पण गाडी चालल्यावर तो थर दबतो आणि पकड ढिली होते. मुंबईच्या दमट, खारट हवेत लोखंडी हब आणि अ‍ॅल्युमिनियमचा स्पेसर यांच्यामध्ये गंज लवकर धरतो. कधी कधी स्पेसर हबला इतका चिकटतो की हातोडीने ठोकून काढावा लागतो.

स्पेसर लागलाच तर कोणता घ्यावा?

काही वेळा गरज खरी असते. मोठा ब्रेक कॅलिपर बसवल्यावर चाक त्याला टेकते किंवा रुंद टायर आतून सस्पेन्शनच्या दांड्याला घासतो. पोर्शेनेही आपल्या ९११ च्या काही मॉडेलांसाठी ५ मिमीचे स्पेसर कंपनीचाच पर्याय म्हणून दिले होते, पण त्यासाठीच मोजलेल्या लांब बोल्टसह. घेताना या बाबी तपासाव्यात.

* पीसीडी : स्टडच्या वर्तुळाचा व्यास तंतोतंत जुळला पाहिजे. मारुती स्विफ्टचा ४×१००, तर फोक्सवॅगन पोलोचा ५×१००. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून विकला जाणारा, लांबट भोकांचा स्पेसर घेऊ नये.

* मधले भोक : हबच्या मध्यावरचा उंचवटा चाकाला केंद्रात धरतो. स्विफ्टला तो ५४.१ मिमी, पोलोला ५७.१ मिमी. स्पेसर आतून या मापाचा हवा आणि बाहेरच्या बाजूला त्याचा स्वतःचा तसाच उंचवटा हवा. तो नसेल तर चाक किंचित केंद्राबाहेर बसते. अंधेरी-घाटकोपरच्या रखडत्या वाहतुकीत हे कळतही नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर ८०-१०० चा वेग आला की स्टीअरिंग थरथरू लागते.

* प्रकार : नटांनी वेगळा बसवायचा स्पेसर जाड असतो. तो हबला एका नटसंचाने आणि चाक त्याला दुसऱ्या संचाने बसते. गाडीचे मूळ स्टड त्याच्या जाडीबाहेर डोकावले तर चाक सपाट बसत नाही. त्यामुळे २५ मिमी बाहेर येणाऱ्या स्टडवर १५ मिमीचा असा स्पेसर चालत नाही. अपवाद एकच, चाकाच्या मागे स्टड सामावतील अशा खाचा असतील तर.

* धातू : घडीव किंवा अखंड ठोकळ्यातून कापलेला अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू घ्यावा. ओतीव, निनावी माल टाळावा.

* नटाची बैठक : अनेक जपानी-कोरियन गाड्यांचे नट शंकूच्या आकाराचे, तर फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांचे बोल्ट गोलाकार बैठकीचे असतात. बाजारातली बरीच अलॉय चाके शंकूच्या बैठकीची असतात. दोन्हींची सरमिसळ झाली तर नट कडेवरच टेकतो.

एकावर एक दोन स्पेसर कधीही लावू नयेत.

बसवताना आणि नंतर काय काळजी घ्यावी?

हब तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावा. आट्यांना ग्रीस लावू नये, कारण पुस्तिकेतला टॉर्क सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो. नट हाताने लावून, मग समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने आवळावेत. हवेच्या गनने एका दमात आवळून काम संपवू देऊ नये. किती टॉर्क हवा, हे गाडीच्या पुस्तिकेत असते. ५० ते १०० किमी चालल्यावर सगळे नट पुन्हा तपासावेत. नटांनी बसणारा स्पेसर असेल तर चाक उतरवून आतले नटही तपासावेत.

फिटिंगनंतरची चाचणी रिकाम्या गाडीत पुरेशी होत नाही. पाच माणसे आणि सामान भरून, स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गतिरोधकावरून हळू न्यावी. मडगार्डच्या आतल्या कडेला मुलांच्या खेळण्यातल्या क्लेची पट्टी चिकटवली तर टायर कुठे टेकतो ते तिच्यावर उमटते. आत सस्पेन्शनपासून किमान ५ मिमी मोकळी जागा राहिली पाहिजे. शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्यावे.

पंक्चर काढणाऱ्याला स्पेसर आहे, हे आधी सांगावे. बोल्टवाल्या गाड्यांत आणखी एक काळजी लागते. स्पेसरसाठी घेतलेले लांब बोल्ट, स्पेसर नसताना स्टेपनीला लावले तर ते मागे जास्त घुसून ब्रेकच्या भागांना लागू शकतात. म्हणून मूळ बोल्टचा संच डिकीत ठेवावा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. हे बंधन २००० च्या दुरुस्तीने कडक झाले. त्या दुरुस्तीचा हेतू सांगताना जास्त क्षमतेचे टायर बसवण्याचाही उल्लेख झाला होता. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल फिरवला आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. न्या. अरुण मिश्रा आणि न्या. विनीत सरन यांचे ते खंडपीठ होते.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

‘आरसी बुकात ऑफसेट लिहिलेलाच नाही, मग अडचण काय?’ असा युक्तिवाद केला जातो. पण न्यायालयाचा भर उत्पादकाच्या मूळ तपशिलावर आहे. मडगार्डबाहेर आलेले चाक तपासणीत लगेच नजरेत भरते. गाडी अंधेरी (एमएच ०२), बोरिवली (एमएच ४७) किंवा वडाळा (एमएच ०३) यांपैकी कोणत्याही आरटीओत नोंदलेली असो, नियम एकच. सीएनजी किटसारख्या बदलांना मंजुरीचा ठरलेला मार्ग आहे. स्पेसरसाठी मालकाला वापरता येईल असा रुळलेला मार्ग नाही. तांत्रिकदृष्ट्या उत्तम बसवलेला स्पेसरही कायद्याच्या दृष्टीने निर्धोक ठरत नाही तो यामुळे.

परदेशात काय व्यवस्था आहे?

जर्मनीत स्पेसरवर सरसकट बंदी नाही, पण तपासणी आहे. भागासोबत चाचणीचा दाखला लागतो. बसवल्यावर टीयूव्हीसारखी संस्था गाडी तपासते आणि बदलाची नोंद कागदपत्रांत होते. चाक किती झाकलेले हवे, याचाही युरोपात नियम आहे. चाकाच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरवर मडगार्डचे आच्छादन असले पाहिजे. मुंबईत हा नियम लागू नाही, पण चाक जास्त बाहेर आले का, हे घरच्या घरी पाहायला हा चांगला निकष आहे.

विमा आणि वॉरंटीचे काय?

विमा पॉलिसीत गाडीतले बदल कंपनीला कळवण्याची अट असते. न कळवलेल्या बदलाचा अपघाताशी संबंध दिसला तर दावा कमी होऊ शकतो किंवा नाकारला जाऊ शकतो. बेअरिंग, स्टीअरिंग किंवा सस्पेन्शन बिघडले तर वॉरंटीतही हाच प्रश्न येतो. म्हणून चाके बदलण्यापूर्वी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेणे शहाणपणाचे.

जुनी गाडी घेताना स्पेसर कसा ओळखायचा?

आधीच्या मालकाने टाकलेला स्पेसर बाहेरून दिसत नाही. चाकाच्या आऱ्यांमधून आत पाहिले की डिस्क आणि चाक यांच्यामध्ये धातूची वेगळी कडी दिसते. शंका असेल तर एक पुढचे आणि एक मागचे चाक उतरवूनच पाहावे. वेग वाढला की वाढत जाणारी घरघर, मडगार्डच्या आतल्या कडेला घासल्याच्या खुणा आणि टायरची एकाच बाजूने झालेली झीज ही लक्षणे असतात.

मग पर्याय कोणता?

गाडी भरलेली दिसावी एवढाच हेतू असेल, तर स्पेसरपेक्षा सुरुवातीलाच योग्य ऑफसेटचे चाक घेणे सोपे. सर्वात कमी जोखमीचा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी देते ती चाके आणि तोच टायर. ऑफसेट, भार आणि मोकळी जागा उत्पादकाने आधीच तपासलेली असते. बाहेरचे चाक घ्यायचे झाल्यास त्यावर आयएसआय चिन्ह, कमाल भार आणि ईटीचा आकडा कोरलेला आहे का, हे पाहावे.

दुकानात पैसे देण्यापूर्वी पाच आकडे कागदावर लिहून घ्यावेत : रिमची रुंदी, ईटी, पीसीडी, मधल्या भोकाचे माप आणि नट-बोल्टचे माप. एक कागद कंपनीच्या चाकाचा, दुसरा नव्या चाकाचा. यातला एकही आकडा दुकानदाराला सांगता येत नसेल, तर ते चाक त्या गाडीसाठी मोजलेले नाही, असे समजावे. अशा चाकाला स्पेसर टाकून जुळवण्यापेक्षा दुसरे चाक शोधणे स्वस्त पडते.